परदेशात मिशनची सेवा करताना आजारपण आले तर विश्वास डळमळतो का? जाण्याआधी कोणती तयारी करावी?

तुम्ही दोघे लवकरच पूर्व आफ्रिकेत मिशनच्या शाळेत सेवेला जाणार आहात, आणि मंडळीतील काही जण म्हणतात की ज्यांचा विश्वास पक्का असतो त्यांना तेथे आजार बाधत नाहीत. हे खरे मानावे का, असे तुम्ही विचारले आहे. हे खरे नाही. असे सांगणाऱ्यांपैकी किती जण मलेरियाच्या प्रदेशात एखादा पावसाळा राहून आले आहेत, हे त्यांना जरूर विचारा. मच्छरदाणी, लसी, उकळलेले पाणी यांविषयी मी लिहीत नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक असणारच. मी प्रशिक्षित परिचारिका आहे आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यजमानांसह मालावी या पूर्व आफ्रिकेतील देशात सरोवराकाठच्या एका मिशन शाळेत राहिले आहे, म्हणून या प्रश्नावर गप्प बसणे मला शक्य नाही.

आमचे यजमान तेथे गणित शिकवीत आणि सकाळची उपासना चालवीत. मलेरिया होऊ नये म्हणून आम्ही दोघेही मेफ्लोक्विनची गोळी घेत होतो. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि विसर पडू नये म्हणून आम्ही ती रविवारी उपासनेहून परतल्यावर घेत असू. मला तिचा काहीच त्रास झाला नाही. यजमानांना मात्र काही आठवड्यांतच भयंकर स्वप्ने पडू लागली. मध्यरात्री उठून ते दाराशी कान लावून उभे राहत, बाहेर कोणीतरी आहे असे म्हणत, आणि दिवसा वर्गात फळ्याकडे तोंड केले की मागे वळायची त्यांना भीती वाटे. पुढे त्यांनी सकाळची उपासना दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवली. लहानपणापासून ज्यांचा एक दिवस प्रार्थनेवाचून गेला नव्हता, ते मला म्हणाले, “शब्द तोंडात येतात, पण समोर कोणी आहे असे वाटतच नाही.” विश्वासू माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकणे किती जड जाते, हे तुम्हाला सांगून समजणार नाही.

आम्हाला पाठवणाऱ्या मंडळीच्या एका ज्येष्ठ पंचांना त्यांनी मनमोकळेपणाने पत्र लिहिले. उत्तर आले ते असे, की हा सैतानाचा हल्ला आहे, मनात एखादे न कबूल केलेले पाप असावे, तीन दिवस उपवास करावा आणि देव मरीपासून राखील असे सांगणारे स्तोत्र 91 म्हणावे. यजमानांनी ते सारे केले. त्या उपवासाने ते अधिकच खंगले, आणि आपल्याला न आठवणारे ते पाप कोणते, हे शोधण्यात त्यांच्या उरलेल्या रात्री जाऊ लागल्या.

मी मात्र रोजच्या नोंदी ठेवीत होते, कारण वॉर्डातील सवय सुटत नाही. सोमवार आणि मंगळवारच्या रात्री सर्वांत वाईट जात, शनिवारपर्यंत थोडा उतार पडे, आणि पुन्हा तेच. पंचांनी याचाही अर्थ लावला होता: रविवारी उपासना झाली की सैतान चवताळतो. मी ती वही घेऊन मिशनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पाहिली, गोळी कोणत्या वारी घेता एवढेच विचारले आणि औषध बदलून रोज घ्यायची डॉक्सिसायक्लिन सुरू केली. मेफ्लोक्विन शरीरातून जायला अनेक आठवडे लागतात, त्यामुळे सुधारणा सावकाश झाली. परंतु ती झाली. आधी झोप आली, मग भूक, आणि त्यानंतर बऱ्याच काळाने प्रार्थना. आमची ठरलेली मुदत आम्ही तेथेच पूर्ण केली.

परत आल्यावर कळले की त्या पंचांनी आमच्या नावानिशी साक्ष द्यायला सुरुवात केली आहे: आफ्रिकेत यांचा विश्वास गेला होता, उपवास-प्रार्थनेने तो परत मिळाला. गोळीचा उल्लेख नाही. मी मंडळीत उभी राहून सांगितले, तर मला अल्पविश्वासी ठरवण्यात आले. 2013 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मेफ्लोक्विनच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा बंधनकारक केला, ज्यात भीती, भास, नैराश्य आणि काही जणांत दीर्घकाळ राहणारी चक्कर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो कागद मी पंचांना नेऊन दाखवला. त्यांची साक्ष आजही तीच आहे. आम्हीही प्रार्थना केली होती, आणि तिचे उत्तर त्या डॉक्टरांच्या हातून मिळाले असे मी मनापासून मानते; पण एका आजारी माणसाला पापी ठरवून मग त्याच्या बरे होण्याचे श्रेय घेणे मला मान्य नाही.

स्तोत्र 91 विषयीही बोलते, कारण तुम्हालाही तेच ऐकवले जाईल. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक असे सांगताना सैतान याच स्तोत्राचा आधार देतो, आणि प्रभू उडी टाकत नाही. प्रेषित पौलाने आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला आजारी असताना मिलेतात मागे ठेवले, आणि एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला तेव्हा त्याला मानाने घरी पाठवले. यांपैकी कोणालाही पौलाने पाप शोधायला सांगितले नाही.

मालावीचा इतिहासही हेच सांगतो. 1862 च्या जानेवारीत तेथे मिशन घेऊन आलेल्या बिशप मॅकेन्झी यांची होडी उलटून औषधे नदीत गेली आणि महिना संपता संपता ते तापाने वारले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1875 साली सरोवराकाठी केप मॅक्लिअरला ठाणे वसवले. माणसे तापाने मरू लागली तेव्हा 1881 साली ते बांडावेला आणि 1894 साली उंच पठारावर हलवले. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात असतात हे रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत आढळले ते 1897 साली, म्हणजे त्याही नंतर. जागा बदलणाऱ्या डॉ. रॉबर्ट लॉज यांना कोणी अल्पविश्वासी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आपल्या मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1826 साली नाशिकच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले. त्यांच्याही विश्वासात काही उणे होते काय?

तयारीविषयी एवढेच सांगते की, निघण्याआधी पंच कमिटीकडून लेखी घ्या: गंभीर आजारात बाहेर हलवण्याचा खर्च कोण करणार, परत येण्याचा निर्णय डॉक्टरांचा असेल की कमिटीचा, आणि मनाच्या आजारावरील उपचार त्यात धरले आहेत का. या प्रश्नांना उत्तर म्हणून केवळ वचने ऐकवली गेली, तर त्या कमिटीमार्फत जाऊ नका. दुसरे मिशन पाहा.

मेफ्लोक्विन अनेकांना उत्तम मानवते, मलाही मानवले, म्हणून हे वाचून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. डॉक्सिसायक्लिनने उन्हाचा त्रास वाढतो आणि गरोदरपणात ती देत नाहीत, त्यामुळे मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तोही डॉक्टरांना आधी सांगा. शिवाय प्रत्येक उदासीनतेमागे औषधच असते असेही नाही. एकटेपणानेही माणूस खचतो, आणि त्यावरही उपचार असतात.