गोळी ठोकळ्यात रुतली, ऊर्जा कुठे गेली?

प्रश्न : १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने येऊन टांगलेल्या २.९९ किलोच्या लाकडी ठोकळ्यात रुतते. ठोकळा किती वर जाईल? गोळीची गतिज ऊर्जा आणि वर गेल्यावरची स्थितिज ऊर्जा सारखी धरली, तर माझं उत्तर १५.३ मीटर येतं. पुस्तकात ५.१ सेंमी आहे. ऊर्जा अक्षय्य असते ना?
— अकरावीचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : असते, पण गतिज ऊर्जा गतिजच राहील असं तो नियम म्हणत नाही. तुझी आकडेमोड बरोबर आहे. नियम चुकीच्या ठिकाणी लावला आहेस. खरं तर तीन किलोचं लाकूड पाच मजले वर गेलेलं पाहूनच शंका यायला हवी होती!

गणिताचे दोन तुकडे कर. पहिला, गोळी घुसण्याचा. इथे संवेग (वस्तुमान × वेग) टिकतो : ०.०१ × ३०० = ३. एकूण वस्तुमान ३ किलो, म्हणून दोघांचा मिळून वेग सेकंदाला १ मीटर. दुसरा, झोका वर जाण्याचा. इथे यांत्रिक ऊर्जा टिकते : उंची = वेगाचा वर्ग ÷ (२ × गुरुत्वत्वरण) = १ ÷ (२ × ९.८) = ०.०५१ मीटर.

आता हिशेब बघ. आधी गतिज ऊर्जा ४५० ज्यूल, रुतल्यावर फक्त १.५ ज्यूल. उरलेले ४४८.५ ज्यूल लाकूड फाडण्यात, गोळी चेपण्यात आणि मुख्यतः उष्णतेत गेले. किती उरणार हे वस्तुमानांवरून आधीच सांगता येतं : ०.०१ ÷ ३, म्हणजे तीनशेवा हिस्सा.

दोरी आणि गुरुत्वाकर्षण असताना पहिल्या तुकड्यात संवेग कसा टिकतो, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. गोळी ६ सेंमी आत गेली आणि तिचा सरासरी वेग १५० धरला, तर सगळं ०.४ मिलिसेकंदात आटोपतं. तेवढ्यात ठोकळा जेमतेम ०.२ मिलिमीटर सरकतो. दोरी अजून उभीच असते, त्यामुळे तिचा ताण आडवा ओढत नाही. झोका सुरू झाला की ती तिरपी होते आणि आडवा संवेग घटत जातो. मात्र ताण गतीला काटकोनात असल्याने कार्य शून्य, म्हणून तिथे ऊर्जेचा नियम चालतो.

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायची ही युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली मांडली.

प्रश्न : शाळेत स्प्रिंगच्या बंदुकीने हाच प्रयोग केला. उंची धड मोजता येत नाही, आणि वेग दर वेळी जास्तच येतो.
— विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : उंची मोजूच नका, आडवं सरकणं मोजा. दोरी १ मीटरची आणि खोका १० सेंमी सरकला, तर उंची अवघी ५ मिलिमीटर भरते. पट्टीने वाचताना एक मिलिमीटर चुकला तरी वीस टक्क्यांचा फरक. सरकणं लहान असेल तर खोक्याचा वेग = सरकणं × √(९.८ ÷ दोरीची लांबी), म्हणजे इथे ०.३१३. चेंडू २० ग्रॅमचा, खोका १८० ग्रॅमचा असेल, तर चेंडूचा वेग त्याच्या दहापट, ३.१३ मीटर प्रतिसेकंद.

वेग जास्त येण्याचं कारण बहुधा चेंडू आत न चिकटता मागे उसळतो, हे असावं. उसळला की खोक्याला जास्त संवेग मिळतो, आणि सूत्र तर चिकटल्याचंच गृहीत धरतं. खोक्याच्या आतल्या भिंतीला मऊ क्लेचा जाड थर द्या, आणि क्लेसकट खोक्याचं वजन पुन्हा करा; हे हटकून विसरलं जातं. खोका एका दोरीऐवजी चार कोपऱ्यांना चार समांतर, सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी टांगा, म्हणजे तो गिरकी घेणार नाही. दोरीच्या जागी जड दांडी वापरली असेल, तर हे सूत्र चालणार नाही. कोनीय संवेग घ्यावा लागेल.

पडताळा सोपा आहे. तीच बंदूक ८० सेंमी उंचीवरून आडवी धरून चेंडू सोडा. वेग ३.१३ असेल, तर तो सुमारे १.२६ मीटरवर पडेल. जमिनीवर कार्बन पेपर ठेवला की खूण नेमकी उमटते.