पदक तुमच्या कपाटात, नाव त्यांच्या पणजोबांचं

प्रश्न : मी बरीच वर्षं जुने लष्करी बिल्ले आणि पदकं जमवतो. दोनेक वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून पहिल्या महायुद्धातली दोन पदकं घेतली. एक चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, दुसरं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. दोन्हींच्या कडेवर एकाच शिपायाचा नंबर, नाव आणि मराठा पलटणीचं नाव आहे. नुकतीच ती एका प्रदर्शनात मांडली, तेव्हा त्या शिपायाचा पणतू भेटला. पदकं आजीच्या ट्रंकेत होती, चुलतभावाने कोणालाही न विचारता विकली, परत करा नाहीतर पोलिसांत जाऊ, असं तो म्हणतो. माझ्याकडे पावती नाही. ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि व्यापाऱ्याचे मेसेज आहेत. एक मित्र म्हणतो, कडेवरचं नाव घासून टाक. दुसरा म्हणतो, परदेशातला ग्राहक तयार आहे, पाठवून मोकळा हो. मी गुन्हेगार ठरतो का? पदकं द्यावी लागतील का? शिवाय ओळखीचा एक जवान त्याचं स्वतःचं पदक विकायचं म्हणतोय, ते घेऊ का?

उत्तर : पहिली गोष्ट, पदकाच्या कडेला कानस सोडाच, पॉलिशचं फडकंही लावू नका. आज तुम्ही पैसे मोजून, उघडपणे वस्तू घेतलेले ग्राहक आहात, आणि ती तुम्ही चारचौघांत प्रदर्शनात मांडलीत हे तुमच्या प्रामाणिकपणाचं चांगलं लक्षण आहे. मित्रांचे दोन्ही सल्ले तुम्हाला या जागेवरून उचलून आरोपीच्या जागी नेऊन बसवतील. कडेवरचं नाव हा या प्रकरणातला मुख्य पुरावा आहे. चोरीची तक्रार होऊ शकते हे कळल्यावर तो घासला, तर पुरावा नाहीसा करण्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २३८, तुमच्या दिशेने वळू शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी ते पाप करू नका. वॉर मेडल लाखांनी काढली गेली आणि चांदीचे भाव चढले तेव्हा कितीतरी वितळवली गेली. जी उरली ती एकेका माणसाची आहेत ती फक्त कडेवरच्या त्या बारीक अक्षरांमुळे.

आता गुन्ह्याचं. चोरीची वस्तू घेण्याचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमची खरेदी १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं कलम ४११ लागेल, आशय तोच. हा गुन्हा सिद्ध होण्यासाठी वस्तू चोरीची आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, किंवा तसं वाटायला सबळ कारण होतं, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. नेहमीचा व्यापारी, बाजारात चालतो तसा भाव, बँकेतून गेलेले पैसे, हे सगळं तुमच्या बाजूने आहे. भाव संशय यावा इतका कमी होता का, किंवा ‘कुठून आणलं विचारू नका’ असा मेसेज त्या संभाषणात कुठे आहे का, हे मात्र आजच नीट वाचून पाहा. असेल तर पुढचं पाऊल टाकण्याआधी वकिलाला दाखवा. मेसेज पुसू नका.

या कलमातला एक शब्द लोकांच्या नजरेतून सुटतो. वस्तू अप्रामाणिकपणे ‘घेणं’ जसा गुन्हा आहे तसंच ती ‘ठेवून घेणं’ही. खरेदीच्या दिवशी तुमचं मन स्वच्छ होतं, पण आता दावा तुमच्या कानावर आला आहे. यापुढे पदकं लपवली, विकली, ‘माझ्याकडे नाहीतच’ म्हणालात, तर आधीची सचोटी फारशी कामाला येणार नाही. तुमचं प्रकरण तरेल की बुडेल हे बरंचसं तुमच्या पुढच्या काही आठवड्यांच्या वागण्यावर ठरणार आहे.

गुन्हेगार नसलात म्हणजे मालक झालात असं मात्र नाही. इथे वस्तुविक्री कायदा, १९३० बघावा लागतो. कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जितका हक्क, त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडून दहा हात फिरून आलेली वस्तू दहाव्या प्रामाणिक माणसाकडूनही मूळ मालक परत मागू शकतो. पण तुमच्या गोष्टीत विकणारा बाहेरचा चोर नाही, घरातलाच वारस आहे. त्यासाठी लगेच पुढचं कलम २८ आहे. अनेक सहमालकांपैकी एकाच्याच ताब्यात, बाकीच्यांच्या परवानगीने, वस्तू असेल आणि त्याच्याकडून कोणी सद्भावनेने विकत घेतली, तर घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळते.

म्हणजे सगळा प्रश्न त्या ट्रंकेपाशी येऊन थांबतो. ट्रंक कोणाच्या ताब्यात होती? आजीच्या पश्चात घरच्यांनीच ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणून ती चुलतभावाकडे ठेवली असेल, आणि व्यापाऱ्याने ती सरळ मनाने घेतली असेल, तर पदकं कायद्याने तुमची आहेत. मग कुटुंबाचं भांडण चुलतभावाशी, पैशाच्या वाट्याचं. उलट आजी हयात असताना तिच्या खोलीतून त्याने ती उचलली असतील, तर त्याला हक्क नव्हता, म्हणून व्यापाऱ्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. चुलतभाऊ सहवारस असला तरी त्याची सुटका होत नाही. मालमत्तेच्या अपहाराच्या कलमाखाली (न्याय संहिता, कलम ३१४) कायद्यानेच दिलेलं उदाहरण आहे: सामाईक घोडा एका मालकाने वापरायला नेला तर गुन्हा नाही, पण विकून सगळे पैसे स्वतःच ठेवले तर गुन्हा आहे.

दोन वर्षं उलटली, आता मुदत गेली, या भरवशावर राहू नका. चोरीला गेलेल्या किंवा अपहार झालेल्या विशिष्ट वस्तूसाठी मुदत कायद्याचा अनुच्छेद ६८ तीन वर्षं देतो, आणि ती वस्तू कोणाकडे आहे हे हक्कदाराला कळल्यापासून ती मोजायची असते. पणतूला ते तुमच्या प्रदर्शनात कळलं. ‘हवे तर पैसे घ्या, पदक देत नाही’ हेही दिवाणी न्यायालयात सहज चालणार नाही. पैशाने भरपाई होत नाही अशी वस्तू प्रत्यक्ष परत करण्याचा आदेश विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ८ खाली मागता येतो, आणि पणजोबांचं नाव असलेल्या पदकाहून चपखल उदाहरण मला तरी सुचत नाही.

पण समोरचा माणूस म्हणतो म्हणून तोच त्या शिपायाचा वारस, असंही धरून चालू नका. पलटणीच्या इंग्रज कारकुनांनी आपली नावं कानाला लागतील तशी लिहिली. आडनाव कधी आहे, कधी नाही. एकाच पलटणीत एका नावाचे अनेक शिपाई असणं मुळीच नवलाचं नव्हतं. म्हणून नावाआधी नंबर जुळवायचा. सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचा कागद, पलटणीचं जुनं पत्र, यांतल्या कशावर तरी तोच नंबर आणि तीच पलटण दिसली तर दावा पक्का. काही कुटुंबं गावातल्या संगमरवरी फलकाचा फोटो आणतात, ‘या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले’ असा. त्या फलकांचा मला मनापासून आदर आहे, पण त्यावर बहुधा फक्त आकडा असतो, नावं नसतात. तुमच्या कामाला तो पुरावा अपुरा आहे. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना होऊन जुने क्रमांक बदलले, हेही कागद जुळवताना लक्षात ठेवा. कडेवरचा क्रमांक जुना आणि पेन्शनच्या कागदावरचा नवा असू शकतो. तेवढ्यावरून दावा खोटा ठरवू नका.

दुसरी अडचण वारसांच्या संख्येची. शंभर वर्षांत त्या शिपायाचे वारस किती घरांत पसरले असतील! मुलींच्या घरांतही. मूळ शिपाई १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी वारला असेल तर त्या टप्प्याला जुना हिंदू कायदा, पुढच्या मृत्यूंना नवा. हा हिशेब तुम्ही करायचा नाही, पण एकट्या पणतूच्या हातात पदकं ठेवून मोकळे झालात तर उद्या त्याची आतेबहीण तुमच्या दारात उभी राहील. परत करायची झाली तर हयात वारसांच्या सह्या असलेलं, नोटरीपुढे केलेलं तडजोडपत्र हवं. त्यात दोन्ही पदकांचं वर्णन, कडेवरचा मजकूर अक्षरशः, तुम्ही ती सद्भावनेने घेतल्याचा उल्लेख, आणि तुमच्याविरुद्ध काही तक्रार उरली नसल्याचं वाक्य असावं.

आता करायचं काय? पणतूला लेखी उत्तर द्या, नोंदणीसह स्पीड पोस्टाने. त्यात इतकंच: पदकं सुरक्षित आहेत, वाद मिटेपर्यंत मी ती विकणार नाही किंवा बदलणार नाही, ओळख पटवणारे आणि ट्रंक कोणाकडे होती हे सांगणारे कागद पाठवावेत. मालकी कबूलही करू नका, नाकारूही नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. व्यापाऱ्यालाही नोटीस द्या. ‘मी विकतोय ते विकण्याचा मला हक्क आहे’, ही विकणाऱ्याची हमी प्रत्येक विक्रीत वस्तुविक्री कायद्याच्या कलम १४ नुसार गृहीत असते. ती मोडली तर तुमचे पैसे त्याने परत करायचे. तो नियमित धंदा करणारा असेल तर ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या.

पोलिसांकडून बोलावणं आलं तर घाबरून पदकं कोणाच्या तरी हाती पाठवू नका. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७९ ची असेल तर तुम्ही साक्षीदार आहात. कलम ३५(३) ची असेल तर संशयित म्हणून बोलावलं आहे, तेव्हा वकिलाशी बोलूनच जा. पदकं जप्त झाली तर पंचनाम्यात ‘दोन जुनी पदकं’ एवढंच लिहू देऊ नका. नंबर, नाव, धातू सगळं लिहून घ्या, कारण मुद्देमालाच्या खोलीतून परत मिळताना तोच आधार. एकदा जप्ती झाली की खासगीत देवाणघेवाण बंद. ताबा कोणाला द्यायचा हे न्यायालय ठरवतं.

परदेशातल्या ग्राहकाला आजच नाही म्हणून कळवा. हा व्यवहार वादाशिवायही चालला नसता. पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार किमान शंभर वर्षं जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुराणवस्तू धरली जाते, आणि ती देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला बंद आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. ही दोन्ही पदकं १९१९ मध्ये जाहीर झाली आणि नंतर वाटली गेली. म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत ती या व्याख्येबाहेर होती, आता आत येतात. वस्तू पुराणवस्तू आहे की नाही याचा शेवटचा शब्द पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. दुसऱ्या महायुद्धातली पदकं अजून शंभरीची नाहीत, तरी सीमाशुल्कात अडू नये म्हणून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला आधी काढावा. घरी संग्रह ठेवायला मात्र काहीच आडकाठी नाही. नोंदणीची सक्ती शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक वर्गांना आहे, पदकं त्यात नाहीत. पण जुन्या वस्तू घेऊन-विकून धंदा करू लागलात तर परवाना लागतो, एवढं ध्यानात असू द्या.

राहिला तुमच्या ओळखीचा जवान. तो अजून नोकरीत असेल तर हात जोडून नाही म्हणा. स्वतःला मिळालेलं पदक विकणं, गहाण ठेवणं किंवा खराब करणं हा सेना कायदा, १९५० च्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, आणि कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो अडचणीत आहे म्हणूनच विकतोय, हे मला कळतं. त्याला पैशाची गरज असेल तर पदक न घेता जमेल तेवढी मदत करा, किंवा त्याच्या युनिटच्या कल्याण निधीची आठवण द्या. निवृत्त सैनिकाने किंवा वारसाने स्वतःहून विकलं तर हे कलम आड येत नाही. त्या वेळी विकणाऱ्याचं ओळखपत्र, पदकाचं वर्णन, ‘माझ्या ताब्यात इतर वारसांच्या संमतीने आहे’ हे वाक्य आणि सही, एवढं एका कागदावर घ्या. तसा कागद या वेळी असता तर पणतूला तुम्ही तो तिथेच, प्रदर्शनाच्या टेबलावर दाखवू शकला असतात.