‘मोजलं तर तो महाग वाटायला लागेल’

मी समुपदेशक आहे, मांजरासाठी म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. लोक झोप लागत नाही म्हणून येतात, घरात वाद होतात म्हणून येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलता बोलता घरातले मांजर हळूच विषयात शिरते. गेल्या काही वर्षांत असे इतक्यांदा घडले आहे, की ‘मॅडम, मांजर पाळणं आम्हाला परवडतंय का, हेच कळत नाही’ हे वाक्य मला आता पाठ झाले आहे. वाक्य पैशांचे असले, तरी ते उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र चोरी पकडली गेल्यासारखे भाव असतात. या भावाचा उलगडा मला ज्या एका व्यक्तीमुळे झाला, तिची हकिकत तिच्या परवानगीने, नाव आणि ओळखीचे तपशील बदलून येथे मांडत आहे.

मीनल चौतीस वर्षांची, डोंबिवलीत वडिलांसोबत राहणारी, घाटकोपरच्या एका कार्यालयात हिशेब विभागात काम करणारी. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात इमारतीच्या मीटरच्या खोलीत तिला भिजलेले राखाडी पिल्लू सापडले आणि ते भुऱ्या या नावाने घरचे झाले. ती माझ्याकडे आली, त्याच्या महिनाभर आधी भुऱ्या सारखा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, ताण देत होता आणि ओरडत होता. बद्धकोष्ठ असेल अशा समजुतीत दीड दिवस गेला. डॉक्टरांकडे नेले तेव्हा लघवी तुंबल्याचे निघाले. कॅथेटर घालावे लागले, तीन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले आणि बिल झाले 14,600 रुपये. तिने ते क्रेडिट कार्डावर भरले आणि वडिलांना ‘चार हजार झाले’ असे सांगितले. तेव्हापासून रात्री तीन वाजता जाग येते ती येतेच.

येथे मी एक चूक केली, ती सांगायला हवी. प्रश्न पैशांचा आहे असे गृहीत धरून मी तिला मांजराचा महिन्याचा खर्च कागदावर लिहून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत ती कागद कोरा घेऊन आली. त्याच्या पुढच्या भेटीतही कोराच. जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चातला रुपयाचा फरक शोधून काढते, तिला स्वतःच्या घरातल्या चार ओळी लिहिता येत नाहीत, याचा अर्थ अडचण बेरजेची नव्हती.

‘अंदाजे तरी किती होत असेल?’ मी विचारले.

‘असेल दहा हजार. जास्तही असेल.’

‘मोजलं का नाही मग?’

ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘मोजलं तर तो महाग वाटायला लागेल.’

‘आणि महाग वाटला तर?’

‘तर मी कशी माणूस आहे, मॅडम? खरी माया असेल तर हिशेब करायचा नसतो.’

एवढ्या भेटींत मी ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते हेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी माझ्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षापासून मानत आले आहे. घटना आपल्याला जितका त्रास देते, त्याहून अधिक त्रास त्या घटनेविषयी आपण मनाशी धरलेला हट्ट देतो, असे ती सांगते. चौदा हजारांचे बिल ही अडचण होती. ‘मायेच्या माणसाने मोजताच कामा नये’ हा हट्ट होता, आणि रात्री तीन वाजता मीनलला तो उठवत होता. हे तिला तिथल्या तिथे समजावून सांगण्याचा मोह मला झाला. तो मी आवरला, आणि एवढ्या वर्षांच्या कामातून मिळवलेल्या ज्या दोन-तीन गोष्टींचे मला समाधान आहे, त्यांत त्या दिवशीचे गप्प राहणे नक्कीच आहे. मी एवढेच विचारले, ‘तुमच्या घरी हिशेब कोण ठेवायचं?’

‘आई. वही होती तिची. अजून आहे, कपाटात.’

‘एकदा काढून बघाल?’

पुढच्या भेटीला ती आली ती निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली वही घेऊनच. 1996 सालची. तिने एक पान उघडून माझ्यासमोर धरले. आईच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एकाखाली एक नोंदी होत्या : रॉकेल, कांदे दोन किलो, दूधवाला बाकी, आणि त्यांच्या खाली ‘मिनूचा खोकला, 18 रु.’

खोकल्याचे औषध असेही तिने लिहिले नव्हते. मिनूचा खोकला. कांद्याच्या आणि रॉकेलच्या रांगेत मुलीचा खोकला बसवला होता, आणि पुढे रक्कम टाकली होती. त्या पानावर बेरीज होती, बेरजेखाली ‘भिशी 50’ असे लिहून दोनदा अधोरेखित केले होते.

मीनल हसली आणि हसता हसता रडली. ‘तिने मला मोजलं होतं, मॅडम,’ ती म्हणाली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘मोजलं होतं म्हणूनच औषध आलं असणार. बाबांचा पगार तेव्हा किती होता, ते मला माहीत आहे ना.’

समुपदेशकाने अशा क्षणी दुसऱ्याचे शोधलेले वाक्य स्वतःच्या नावावर करू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. तरीही मला त्या दिवशी जे उमगले, ते माझेच आहे : हिशेब टाळणारी माणसे कमी खर्च करत नाहीत, ती चुकीच्या ठिकाणी खर्च करतात. मीनलने भुऱ्यासाठी 3,200 रुपयांचे चढायचे झाड मागवले होते. भुऱ्या ते ज्या खोक्यातून आले त्या खोक्यात झोपत होता, झाड गॅलरीत धूळ खात होते, आणि त्याची वार्षिक लस मात्र दोन वर्षे राहून गेली होती. अपराधीपणा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू विकत घेतो. लस दिसत नाही.

त्यानंतरचा कागद तिने अर्ध्या तासात लिहिला. लघवीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी सांगितलेले ड्राय फूड 1,700 रुपये, ओल्या खाण्याची बारा पाऊच 600, कॅट लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) 450, म्हणजे दरमहा 2,750. मग वर्षातून होणारे खर्च, जे बहुतेक जण महिन्याच्या हिशेबात धरतच नाहीत आणि म्हणून दर वेळी दचकतात : मांजरांची त्रिगुणी लस आणि रेबीजची लस मिळून 1,800, दर तीन महिन्यांनी द्यायच्या जंताच्या औषधाचे वर्षाचे 400, रक्त-लघवीच्या तपासणीसह एक भेट 2,800, आणि गणपतीला कणकवलीला जाताना सात दिवस मांजर ठेवण्याचे 2,800. एकूण 7,800, म्हणजे महिन्याला 650. आजारपणासाठी बाजूला काढायचे 1,000. सगळे मिळून 4,400 रुपये. तिचा पगार 38,000 आहे. ती त्या आकड्याकडे बघून म्हणाली, ‘एवढंच?’ रक्कम लहान नाही, आणि ती लहान आहे असे मी तिला सांगितलेही नाही. पण रात्रीच्या दहा हजारांना तोंड नव्हते, या चार हजार चारशेंशी निदान वाटाघाटी करता येत होत्या.

त्या वाटाघाटी तिने लगेच सुरूही केल्या. गणपतीचे 2,800 पहिल्यांदा कापले गेले, कारण शेजारच्या काकू दिवसातून दोनदा येऊन खाणे-पाणी बघायला तयार होत्या आणि तसेही मांजराला परक्या जागेपेक्षा स्वतःचे घर मानवते. काकूंना पेढे द्यायचे ठरले. आजारपणाचे हजार रुपये मात्र तीन महिने थांबवायला मी सांगितले. कार्डावर ती फक्त किमान रक्कम भरत होती आणि अशा थकबाकीवर अनेक कार्डे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लावतात. आधी ते बिल फेडायचे, मग बँकेत वेगळे रिकरिंग उघडायचे, आणि त्याला हात लावायचा नाही.

ज्यांना याच वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे अधिक. काटकसर कुठे करू नये, हे आधी ठरवावे. लस, नसबंदी आणि जंताचे औषध यांत वाचवलेला रुपया पुढे अनेक पटींनी जातो. खेळणी, पट्टे, भारी लिटर यांत हवी तितकी कात्री लावावी, कागदाचा बोळा मांजराला पुरतो. खाणे स्वस्त करायचे असेल तर डॉक्टरांना विचारून, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. एकदम बदललेले खाणे मांजर नाकारते, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृताला धोका असतो. दूध-पोळीवर भागवू नये. मांजर मांसाहारी प्राणी आहे आणि वाढ पूर्ण झालेल्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही. डॉक्टरांची फी वाचवण्यासाठी घरातली माणसांची गोळी देणे तर अगदी वर्ज्य, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आणि बोका ट्रेमध्ये बसून ताण देत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मीनलच्या दीड दिवसाने भुऱ्याचा जीव आणि तिचे बिल, दोन्ही टांगणीला लावले होते.

सगळ्यात अवघड प्रश्न तिने शेवटच्या आधीच्या भेटीत काढला. ‘समजा चाळीस-पन्नास हजारांचं ऑपरेशन निघालं तर? तेव्हा नाही म्हणायचं का?’ याचे उत्तर माझ्याकडे नाही, पण ते कधी द्यायचे हे मला ठाऊक आहे. दवाखान्याच्या बाकावर, रात्री अकरा वाजता, कार्ड हातात धरून ते ठरवायचे नसते. ते रविवारी दुपारी, मांजर मांडीवर घोरत असताना ठरवायचे. तिने आणि वडिलांनी मिळून एक रक्कम लिहिली, ती मी विचारली नाही. उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून अंदाजपत्रक मागायचे, दुसरा कमी खर्चाचा मार्ग आहे का हे न लाजता विचारायचे, हेही त्या कागदावर आले. खाली तिने परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयाचा पत्ता लिहिला होता. ‘बाबांनी सुचवलं,’ ती म्हणाली, ‘त्यांच्या लहानपणापासून ते त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात.’

म्हणजे वडिलांना खरी रक्कम कळली होती. मीनलने त्यांना बिल दाखवले, तेव्हा ते पाच मिनिटे काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारले, ‘हप्ता किती बसतो?’

शेवटच्या भेटीला ती नवी वही घेऊन आली होती. लस, लिटर, रिकरिंग, सगळे तिच्या नीटनेटक्या अक्षरात होते. मधेच एका ओळीत वेगळेच, थरथरते अक्षर होते : ‘बोक्याला मांदेली, 60 रु.’ तिने त्या ओळीवर लाल पेनाने मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या खाण्याखेरीज काहीही द्यायचे नाही असे बजावले होते, आणि त्यावरून बापलेकीत आदल्या रात्री चांगलीच जुंपली होती.