अठरा वर्षांनी परत बाईकवर बसताय, तर रायडिंग गियरचं (हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज वगैरेचं) असं बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण मी स्वतः चौदा वर्षांच्या गॅपनंतर परत चालवायला लागलो तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं. तुम्ही लिहिलंय की वय ४६, २००७ ला पल्सर विकली, आता साडेतीनशे सीसीची घेतलीय, रोज सिंहगड रोडवरून ऑफिस आणि महिन्यातून एकदा वहिनींना मागे बसवून दापोली, बजेट ३० हजार, आणि त्यातले बरेचसे पैसे एका मस्त लेदर जॅकेटवर घालावेत का. तर नको. लेदर घासण्याला सगळ्यात भारी हे खरंय, पण एप्रिलमध्ये राजाराम पुलाच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता ते अंगात घालून उभं राहून बघा, पंधरा दिवसांत जॅकेट कपाटात जाणार आणि तुम्ही शर्टावर फिरणार. जे गियर तुम्ही मे महिन्यातही, कोपऱ्यावर जायचं असलं तरी घालाल आणि जे अंगावर हलणार नाही, तेच घ्या. बाकी सगळं याच्यानंतर.

हलण्याचं का म्हणतोय ते सांगतो. परत सुरू करून तिसरा महिना होता, सकाळी साडेसात, घराजवळच्याच वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू सांडलेली, स्पीड पस्तीस-चाळीस असेल, पुढचं चाक सटकलं आणि मी उजव्या अंगावर घसरत गेलो. जॅकेट होतं अंगात, पण थंडीत आत स्वेटर बसावा म्हणून एक साईज मोठं घेतलेलं, त्यामुळे पडताक्षणी बाही फिरली, कोपराचं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, आतल्या बाजूला गेलं आणि कोपर नुसत्या कापडावर घासलं. ग्लोव्हज मात्र घट्ट होते. तळव्याच्या बुडाशी जो कडक प्लास्टिकचा स्लायडर असतो तो झिजून सपाट झाला होता, आणि हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं. पायात साधी जीन्स. ती इतकी पटकन फाटली की गुडघ्याला काही कळलंच नाही. दवाखान्यात सिस्टरने सलाईन ओतून ब्रशने त्या जखमेतली बारीक खडी वीस मिनिटं काढली, आणि खरं सांगतो, पडलो त्यापेक्षा ती वीस मिनिटं जास्त लक्षात राहिलीत. गुडघ्याच्या कातडीत अजून दोन काळे ठिपके आहेत, ते आता जाणार नाहीत. आणि हा स्पीड चाळीसचा होता. ५० ला तुम्ही सेकंदाला जवळपास १४ मीटर जाता, आणि घसरणं दोन सेकंद जरी चाललं तरी साधी जीन्स तेवढी टिकत नाही.

आता हेल्मेट. जुनं माळ्यावर असेल तर ते टाकूनच द्या, आतला थर्मोकोलसारखा फोम आणि गोंद इतकी वर्षं घाम आणि उन्हात चांगले राहत नाहीत. नवीन घेताना फुलफेसच घ्या, हनुवटी उघडी ठेवून पडायला हा चेहरा म्हणजे काय स्पेअर पार्ट नाही. आयएसआय हवंच, १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, पण फुटपाथवरच्या दोन-तीनशेच्या टोपल्यांवरही तो शिक्का असतो, म्हणून शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर (म्हणजे लायसन्स नंबर) सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कुठल्या कंपनीचं लायसन्स आहे ते कळतं. जमलं तर सोबत ईसीई २२.०६ हे युरोपातलं हेल्मेटचं स्टँडर्ड असलेलं घ्या, त्यात तिरपा मार लागून डोकं गरकन फिरतं त्याचीही टेस्ट असते, आणि हल्ली इथल्या ब्रँड्समध्येही सहा-सात हजारांत अशी मिळतात.

फिटिंगसाठी दुकानात नीट वेळ काढून जा. घातल्यावर गाल दाबले जाऊन तोंड माशासारखं झालं पाहिजे, डोकं जोरात हलवलं तर हेल्मेटसोबत कपाळाची कातडीही हलली पाहिजे. पट्टा लावून मागच्या खालच्या कडेला धरून पुढे ओढा, निघून येत असेल तर परत ठेवा. मग तसंच घालून पंधरा-वीस मिनिटं दुकानात फिरत राहा, कपाळावर एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर ते मॉडेल तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, मोठी साईज हा त्याच्यावर इलाज नाही. गालाचे पॅड महिन्या-दोन महिन्यांत थोडे बसतात, म्हणून सुरुवातीला घट्टच बरं. आणि आपल्या वयाचा एक मुद्दा, चष्मा. तो घालून ट्राय करा, काड्या कानावर रुततात का बघा, आणि प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेतून दिसणारी) काच असेल तर मान खाली न घालता मीटर वाचता येतोय ना तेही बघून घ्या. व्हायझर, म्हणजे पुढची काच, साधा पारदर्शक. काळा व्हायझर लावून रात्री चालवणारे मला आजही समजत नाहीत.

जॅकेट मेश, म्हणजे हवा खेळणाऱ्या जाळीच्या कापडाचं, घ्या. लेबलवर ईएन १७०९२ शोधा, ते रायडिंगच्या कपड्यांचं युरोपियन स्टँडर्ड आहे, त्यात एएए, एए, ए असे क्लास असतात. सगळ्यात जास्त घासणाऱ्या भागांची टेस्ट एएए ला १२० च्या, एए ला ७० च्या आणि ए ला ४५ च्या स्पीडची असते. बरीचशी मेश जॅकेटं ए मध्येच येतात, शहरासाठी तेवढं मी चालवून घेतो, पण एए मेश बजेटमध्ये मिळालं तर डोळे झाकून उचला. फक्त सीई (युरोपियन मान्यतेची खूण) आर्मर असं लिहिलं असेल तर ते आतल्या पॅडबद्दल आहे, कापडाबद्दल नाही, इथे पुष्कळ लोक फसतात. पॅडवर स्वतःचं वेगळं स्टँडर्ड, ईएन १६२१, छापलेलं असतं. ५ किलोचं वजन साधारण मीटरभर वरून टाकून पलीकडे किती मार पोचतो हे त्यात मोजतात, खांदा-कोपराच्या लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोर मोजायचं माप) चालतं, लेव्हल २ मधून २० पर्यंतच, म्हणजे आकडा जितका कमी तितकं पॅड चांगलं. पाठीला हेच आकडे १८ आणि ९. आणि पाठीचा खिसा उघडून बघाच, कित्येक जॅकेटांत तिथे नुसता पॅकिंगसारखा स्पंज भरलेला असतो, तो काढून लेव्हल २ चं पॅड घाला.

ट्रायल घेताना आरशासमोर ताठ उभं राहू नका, बाहेर बाईकवर बसून हँडल धरा. बाही मनगटाच्या वर सरकता कामा नये, आणि कोपराचं पॅड मित्राला धरून फिरवायला सांगा, ते फिरलं तर साईज लहान घ्या किंवा दंडाचा पट्टा आवळा. पोट आलंय म्हणून मोठी साईज घेतली की खांदे ढिले होतात, माझं तेच झालं होतं. कमरेला ॲडजस्टमेंट असलेलं शोधा.

पावसाचं थोडक्यात. आत लावायचं रेन लायनर येतं सोबत, पण त्यात बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं आणि ताम्हिणीत वारा लागला की दात वाजतात. वरून घालायचा भडक रंगाचा रेनसूट बरा, तो बॅगेत पडून राहतो आणि मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसता.

ग्लोव्हज पूर्ण बोटांचे, तळव्याला स्लायडर आणि मनगटाला वेगळा पट्टा असलेले. पट्टा लावून बोटांच्या टोकांना धरून ओढा, निसटले तर ते पडताना पण निसटणार. पँटचं म्हणाल तर ऑफिसला रायडिंग पँट कोणी रोज घालत नाही हे मला माहितीये, म्हणून नडगीपर्यंत येणारे, पँटीवरून बांधायचे नीगार्ड घ्या, पार्किंगला दोन मिनिटांत निघतात. ते गुडघा वाकवून बांधा, उभ्याने बांधले तर बसल्यावर वाटी वर सरकते. दापोलीसाठी पुढे सवडीने रायडिंग पँट घ्याल.

बुटांकडे तुम्ही लक्षच दिलेलं नाही. जुनी पल्सर दीडशे किलोच्या आतली होती, आत्ताच्या साडेतीनशेच्या गाड्या १८० ते १९५ किलोच्या, आणि या वजनाची गाडी उभ्या उभ्या कलंडली तरी घोटा खाली सापडतो, सुरुवातीच्या महिन्यांत ती कलंडतेच. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, वळणावर वाकलेलं चाक वाळूत सटकलं तर ते काही करत नाही. घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे बूट हवेत, आणि नाडी असेल तर ती आत खोचा, गियरच्या दांड्याला अडकून मी एकाला सिग्नलवर आडवं होताना पाहिलंय.

आता पैशांचं. हेल्मेट साडेसहा, जॅकेट साडेआठ, पाठीचं पॅड दीड-दोन, ग्लोव्हज अडीच, नीगार्ड तीन, म्हणजे बावीस-साडेबावीसच्या आसपास. उरलेल्यात रायडिंग बूट बसतात, पण दादा, तुमच्या हिशोबात वहिनी कुठेच नाहीत. त्या पण त्याच रस्त्यावर पडणार, आणि मागच्याला तर ब्रेक कधी लागणार तेही आधी कळत नाही. म्हणून बूट दोन महिने पुढे ढकला, तोवर जाड ट्रेकिंग शूज वापरा, आणि ते पैसे त्यांच्या हेल्मेट-ग्लोव्हजला घाला. हेल्मेट तुमच्याच दर्जाचं, हलकं बघून, बजेटच्या थोडं वर गेलं तरी चालेल. फक्त मापाचा अंदाज घेऊन आणू नका, त्यांना सोबत न्या आणि केस जसे बांधून बसतात तसेच बांधून ट्राय करू द्या, अंबाडा असला की फिटिंग पार बदलतं.