प्रश्न तुमचे : इलस्ट्रेटर, इंकस्केप आणि थ्रीडी ग्राफ

या वेळी इलस्ट्रेटर, इंकस्केप अशा चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी ग्राफ कसा करायचा याबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. आधी सगळ्यात कळकळीने लिहिलेला प्रश्न घेते, कारण तीच चूक मी स्वतः दोनदा केलेली आहे.

ताई, आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा थ्रीडी खांबांचा ग्राफ टाकायचाय. इलस्ट्रेटरमध्ये कॉलम ग्राफ केला, अनग्रुप केला, थ्रीडी इफेक्ट दिला, दिसायला एकदम झकास झाला. मग साहेबांनी एक आकडा बदलायला सांगितला, तर आता डेटाची खिडकीच उघडत नाही. परत सगळं करावं लागणार का? (वाचक, सांगली)

तुमचा हा ग्राफ गेला, ते आधीच सांगून टाकते म्हणजे उगाच शोधत बसणार नाही. इलस्ट्रेटरचा ग्राफ हा एक खास ग्रुप असतो, त्याच्या पोटात आकडे असतात, आणि अनग्रुप केलं की ते नातं कायमचं तुटतं, उरतात ते नुसते चौकोन. अंडू करत मागे जाता आलं तर जा, फाइल बंद केली असेल तर तोही मार्ग नाही. अनग्रुप न करता सरळ ग्राफलाच इफेक्ट दिला तरी भानगड आहेच, आकडे बदलून ग्राफ परत तयार झाला की तुम्ही हाताने केलेली सजावट उडून जाऊ शकते.

म्हणून मी आता असं करते. साधा सपाट ग्राफ वेगळ्या लेयरवर ठेवते, लेयर लॉक करते, आणि त्याला हातच लावत नाही, तो फक्त आकडे तपासायला. थ्रीडी खांब मी ग्राफ टूलने करतच नाही. एक छोटा चौरस काढायचा, आउटलाइन काढून टाकायची (ती राहिली तर तिच्याही वेगळ्या भिंती तयार होतात आणि खांब घाणेरडा दिसतो), मग इफेक्ट मेनूतून थ्रीडी, त्यात एक्सट्रूड अँड बेव्हल, म्हणजे सपाट आकाराला जाडी देणारा इफेक्ट. २०२२ च्या आवृत्तीपासून हा जुना इफेक्ट ‘थ्रीडी क्लासिक’ या नावाखाली ठेवलाय, तोच घ्या. पोझिशनमध्ये आयसोमेट्रिक टॉप (वरून तिरकं बघितल्यासारखं) निवडायचं, म्हणजे तुमचा चौरस खांबाचं डोकं होतो आणि एक्सट्रूड डेप्थ ही खांबाची उंची होते. आणि इथेच सगळी गंमत आहे, कारण डेप्थ हा एक आकडा आहे, तो तुम्हाला टाइप करता येतो!

तुमच्याच ग्राफचं उदाहरण घेऊ. जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या कोटींमध्ये १९८१ ला ६.२८, १९९१ ला ७.८९, २००१ ला ९.६९ आणि २०११ ला ११.२४. एका कोटीला २० पॉइंट धरले तर डेप्थ अनुक्रमे १२५.६, १५७.८, १९३.८ आणि २२४.८ झाली. पहिला खांब करायचा, त्याच्या तीन कॉपी काढायच्या, आणि प्रत्येकीला सिलेक्ट करून अपिअरन्स पॅनलमध्ये इफेक्टच्या नावावर क्लिक करून डेप्थ बदलायची. उद्या साहेबांनी परत आकडा बदलला तर एका खांबाची डेप्थ बदला, दहा सेकंदांचं काम. फक्त एक्सपँड अपिअरन्स (इफेक्टचे कायमचे आकार करणं, मग डेप्थ बदलता येत नाही) अगदी शेवटी करा, आणि तेही कॉपीवर.

खांब बुडाशी एका ओळीत लावताना एक गोष्ट नक्की अडवेल. इलस्ट्रेटर डिफॉल्टला मूळ चौरस बघून अलाइन करतो, इफेक्टने वाढलेली उंची तो धरतच नाही, त्यामुळे बुडं खाली-वर राहतात. प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली ‘यूज प्रिव्ह्यू बाउंड्स’ला टिक करा आणि मग बॉटम अलाइन करा.

आणि पर्स्पेक्टिव्हचा आकडा शून्यच ठेवा, कृपा करून. तो वाढवला की मागचा खांब लहान दिसतो, म्हणजे २०११ चा खांब मागे गेला तर महाराष्ट्राची लोकसंख्या घटली असं दिसेल. शून्यावर रेषा समांतर राहतात आणि सारख्या उंचीचे खांब कुठेही ठेवले तरी सारखेच दिसतात.

जाता जाता सपाट ग्राफबद्दल: डेटाच्या खिडकीत आकडे इंग्रजीत आणि स्वल्पविरामाशिवाय टाका, ७,३२,००० असं लिहू नका, सलग लिहा. आणि वर्ष हे लेबल म्हणून हवं असेल तर ते सरळ दुहेरी अवतरण चिन्हांत घाला, नाहीतर तो वर्षालाच आकडा समजून दोन हजार उंचीचा खांब काढतो.

थ्रीडी पाय चार्ट चुकीचा असतो असं सगळे म्हणतात, पण का ते कोणी सांगत नाही. क्लायंटला तोच हवाय. (वाचक, ठाणे)

कारण साधं आहे. गोल आडवा केला की त्याची लंबगोल चकती होते. पर्स्पेक्टिव्ह शून्य असेल तर तुकड्यांच्या क्षेत्रफळाचं आपसातलं प्रमाण टिकतं, पण कोन टिकत नाहीत, आणि पाय चार्ट आपण बऱ्याच अंशी कोनावरूनच वाचतो. त्यात चकतीला जाडी दिली की पुढच्या तुकड्यांची कड दिसते, मागच्यांची दिसतच नाही, म्हणजे पुढच्याला फुकटचा रंग मिळतो. पुढे २५ टक्के आणि मागे २५ टक्के असे दोन तुकडे ठेवून बघा, पुढचा सरळ मोठा वाटतो. क्लायंट ऐकतच नसेल तर जाडी अगदी कमी ठेवा, चकती फार आडवी करू नका, कडेला वेगळा गडद रंग द्या आणि टक्के प्रत्येक तुकड्यावर लिहा. ज्या तुकड्याचा फायदा क्लायंटला हवाय तो पुढे आणून ठेवायचा आग्रह झाला तर मात्र मी ते काम करत नाही.

माझ्याकडे इलस्ट्रेटर नाही, परवडत पण नाही. दुकानात कोरल आहे आणि घरी इंकस्केप. त्याच्यात जमेल का? (वाचक, लातूर)

जमेल, आणि हाताने केलेले खांब मला उलट जास्त आवडतात. कोरलमध्ये चौकोन काढा, एक्सट्रूड टूल घ्या, आणि वरच्या पट्टीत प्रकार ‘बॅक पॅरलल’ निवडा. तिथे ‘स्मॉल बॅक’ असेल तर रेषा मागे एका बिंदूकडे धावतात, म्हणजे परत तोच पर्स्पेक्टिव्हचा घोळ.

इंकस्केपमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अॅक्सोनोमेट्रिक ग्रिड (तिरक्या रेषांची जाळी) लावा, कोन आधीच ३० अंश असतात, स्नॅपिंग (बिंदू जाळीला आपोआप चिकटणं) चालू करा आणि पेन टूलने तीन बाजू काढा: डोकं, डावी भिंत, उजवी भिंत. डोकं फिकट, एक भिंत मध्यम, दुसरी गडद, एवढ्यावर खांब उभा राहतो.

भिंतीवर अक्षरं किंवा नक्षी बसवायची असेल तर जुनी तीन पायऱ्यांची युक्ती आहे, ती कुठल्याही व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी चित्र करणाऱ्या) चालते. आधी उभी उंची ८६.६०२ टक्के करायची (हा ३० अंशाचा कोसाइन), मग आडवं ३० अंश तिरकं करायचं, मग ३० अंश फिरवायचं. उजव्या भिंतीला वरचं टोक उजवीकडे झुकवून घड्याळाच्या उलट फिरवायचं, डाव्या भिंतीला बरोबर याच्या उलट, आणि डोक्यासाठी उजवीकडे झुकवून घड्याळाच्या दिशेने. मला हे आवडतं कारण यात भिंतीच्या कडांची लांबी बदलत नाही, सपाट असताना खांब ११.२४ सेंटिमीटर असेल तर नंतरही पट्टी लावून तेवढाच भरतो. कागदावर करून बघितलं तेव्हाच मला ते पटलं.

इलस्ट्रेटरमध्ये मराठी लेबलं तुटतात, जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करू? (आणखी एक वाचक)

प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर (आपल्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) निवडा, आणि फॉन्ट युनिकोडच घ्या. छपाईला पाठवायच्या कॉपीत अक्षरांची आउटलाइन करून टाका, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार उरतात.

मी पीएचडी करतेय. माझा ग्राफ खांबांचा नाही, डोंगरासारखा पृष्ठभाग आहे, दोन चलं आणि त्यावरून तिसरं. हे इलस्ट्रेटरमध्ये कसं काढू? (वाचक, पुणे)

काढू नकोस, तिथे फक्त सजव. असे ग्राफ लोकांनी हाताने काढलेत हे खरं, इटलीच्या लुइजी पेरोझ्झो यांनी १८८० मध्ये स्वीडनच्या जनगणनेच्या आकड्यांवरून वय, वर्ष आणि लोकसंख्या असा तीन अक्षांचा सुंदर ग्राफ काढला होता आणि तो आजही बघत राहावा असा आहे, पण तुझ्याकडे तेवढा वेळ नाही. ग्राफ मॅटप्लॉटलिब किंवा ग्नूप्लॉटमध्ये (आकड्यांवरून ग्राफ काढणारी सॉफ्टवेअर) काढ आणि एसव्हीजी या व्हेक्टर फाइलप्रकारात सेव्ह कर, ती फाइल इलस्ट्रेटर आणि इंकस्केप दोन्हीत उघडते. मॅटप्लॉटलिब अक्षरांचे डिफॉल्टला आकार करून टाकतं, मग लेबल दुरुस्त करता येत नाही, म्हणून एसव्हीजी फॉन्टटाइपचं सेटिंग ‘नन’ कर.

पृष्ठभाग डिफॉल्टला अडीच हजारांच्या आसपास तुकड्यांचा बनतो, तेवढं चालतं. तू बारकावा वाढवून लाखभर तुकडे केलेस तर फाइल उघडायलाच चहा होईल, अशा वेळी फक्त पृष्ठभाग रास्टराइज कर (म्हणजे फोटोसारखं ठिपक्यांचं चित्र कर), अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच राहू देत. तुकड्यांच्या मधे पांढऱ्या बारीक रेषा दिसल्या तर प्रत्येक तुकड्याला त्याच्याच रंगाची पातळ कड दे. आणि बघायचा कोन आधीच नीट ठरव, कारण इलस्ट्रेटरमध्ये आल्यावर ते सपाट चित्र असतं, डोंगरामागे दडलेली दरी तिथे फिरवून दाखवता येत नाही.