लेक जर्मनीत भांडी आवरते, म्हणून परत बोलावू?

सांगलीहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी २२ वर्षांची, बी.एस्सी. ६१ टक्के, जर्मन भाषा बी-१ म्हणजे मध्यम पातळीपर्यंत. सप्टेंबरपासून दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावी, वृद्धाश्रमात वर्षभरासाठी स्वयंसेवक. राहते तिथल्याच एका कुटुंबात. ‘दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना भरवते, घरी येऊन भांडी आवरते आणि रात्री नुसता थंड पाव खाते. शिकलेल्या मुलीने हे करायचं? तिचे बाबा म्हणतात, त्या घरच्यांनी तिला निदान एखाद्या कंपनीत चिकटवावं. नाहीतर परत येऊन एमपीएससी करू दे.’

ताई, एमपीएससी पुढच्या वर्षीही असेल, त्याची घाई नाही. मला काळजी वाटली ती तुमच्या फोनची. सकाळी सातला एकदा, दुपारी एकदा आणि झोपण्याआधी अकराला एकदा, असे रोज तीन व्हिडिओ कॉल होतात, असं तुम्ही सहज लिहून गेलात. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तुमचे सकाळचे सात म्हणजे तिथले रात्रीचे अडीच. दुपारचा फोन तिच्या कामाच्या वेळेत जातो. आणि रात्रीचे अकरा म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे घरोघरी जेवायला बसायची वेळ. सगळे टेबलाशी असताना तुमची लेक फोन घेऊन खोलीत जाते. नाही उचलला तर तुम्ही रडता, हेही पत्रात आहे.

ज्या जर्मनसाठी तुम्ही क्लासची फी भरलीत, ती भाषा त्या टेबलाशी फुकट मिळते. घरातली मुलं शाळेबद्दल कुरकुरतात, कुणीतरी शेजाऱ्याची उणीदुणी काढतं, आजचा कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावर वाद होतो. हे पुस्तकात नसतं. आणि तो थंड पाव म्हणजे कंजुषी नव्हे. पाव, चीज, काकडी, लोणचं असं रात्रीचं थंड जेवण तिथल्या असंख्य घरांत रोजचंच. गरम जेवण बरेच जण दुपारी करतात. मुलीला वरणभाताची आठवण येत असेल तर तिने एखाद्या शनिवारी सगळ्यांसाठी रांधावा. ते लोक आवडीने खातील, फक्त तिखट बेताने.

भांड्यांबद्दल स्पष्टच बोलते. हीच मुलगी गणपतीत वीस माणसांची ताटं उचलत होती, तेव्हा तुम्ही मला पत्र लिहिलं नव्हतं. तिथे जेवणानंतर बाप आणि मुलगेही भांडी मशीनमध्ये लावतात, तशी तीही लावते. मात्र एक पाहा. तिचं काम वृद्धाश्रमात आहे, या घरात नाही. तिच्यावर रोजचा स्वयंपाक किंवा तासन्‌तास मुलं सांभाळणं पडत असेल, तर ते चूक आहे आणि तिने संस्थेच्या समन्वयकाला सांगायला हवं. तक्रार तिची असेल तर तीच करील, तुम्ही तिथे फोन लावू नका.

म्हाताऱ्यांना भरवण्याची लाज वाटत असेल तर थोडा इतिहास सांगते. २०११ पर्यंत जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा होती. ज्यांनी बंदूक धरायला नकार दिला, असे लाखो तरुण त्याऐवजी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत राबले. सक्ती थांबली, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने ही स्वयंसेवेची योजना सुरू केली. त्या घरातले काका पन्नाशीचे असतील तर त्यांनीही तरुणपणी हेच काम केलेलं असू शकतं. लेकीला विचारायला सांगा.

आता बाबांचा गैरसमज. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना जर्मनीत पोचलं की नोकरी मिळालीच असं वाटतं. तुमच्या मुलीचा व्हिसा या सेवेसाठी आहे. तिला पगार नाही, हातखर्च मिळतो. यजमानांनी राहायला खोली दिली आहे, ते तिचे हमीदार नाहीत आणि ओळखीने कुठे चिकटवणं त्यांच्या हातात नाही. असा निरोप लेकीच्या तोंडून गेला तर त्या घरात तिलाच ओशाळं व्हावं लागेल. बाबांनी तो पाठवू नये, पाठवला असेल तर तिने पुढे सांगू नये. या कामातून पुढचा रस्ता निघतो, पण तो वेगळा आहे: तीन वर्षांचं नर्सिंगचं प्रशिक्षण. त्यात महिन्याला हजार युरोंहून जास्त विद्यावेतन मिळतं, पण त्यासाठी स्वतंत्र करार, स्वतंत्र परवाना आणि बहुतेक ठिकाणी बी-१च्या पुढची भाषा लागते. तिला हे काम आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलेलंच दिसत नाही.

परत बोलावू नका. फोन आठवड्यातून दोनदा, तिने सांगितलेल्या वेळी. वर्षभरात तिला किमान २५ दिवस सेमिनारचे असतात, तिथे इतर देशांतून आलेले स्वयंसेवकही भेटतात. त्या दिवसांत फोन नाही आला तर घाबरू नका. मार्चपर्यंत थांबा, मग पुढे काय करायचं ते तिला मला लिहू दे. तुमचं किंवा बाबांचं पत्र आलं तर मी उत्तर देणार नाही.