संगणकाची शंका, ताईंचं उत्तर

प्रश्न : ताई, माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सगळा सोहळा नातवानं आयफोनवर टिपला आणि फाइल माझ्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर घालून दिली. आई जात्यावरची ओवी म्हणते ते स्पष्ट ऐकू येतं, पण पडदा काळाच. 'कोडेक नाही' असं काहीसं लिहून येतं. दुकानात दाखवलं तर 'व्हिडिओ खराब झालाय, काढून टाका' म्हणाले. नातू बंगळुरूला परत गेला. व्हिडिओ खरंच गेला का?
— एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, व्हिडिओ गेलेला नाही. फाइल मुळीच काढून टाकू नका. आधी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर करून ठेवा, मगच पुढचं वाचा.

ओवी ऐकू येते, यातच अर्धं उत्तर आहे. जुन्या दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात ना, तशी ही फाइल म्हणजे एक रुमाल आहे. आत चित्राचा कागद वेगळा आणि आवाजाचा वेगळा. तुमच्या लॅपटॉपला आवाजाचा कागद वाचता येतो, पण चित्राचा कागद मोडीत लिहिलाय आणि मोडी वाचणारं घरात कुणी नाही. त्यात कागदाचा काय दोष? मोडी वाचणारा तो जाणकार म्हणजेच कोडेक. फाइलच्या नावामागे एमपी४ असो की एमओव्ही, ते झालं रुमालाचं नाव. आतली लिपी त्यावरून कळत नाही.

तुमच्या फाइलची लिपी बहुधा एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ असणार. ती २०१३ साली ठरली आणि २०१७ पासून आयफोन तिच्यात चित्रण करू लागले, कारण आधीच्या एच.२६४ च्या मानानं जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र मावतं. पण तिच्यावर पेटंटं आहेत. म्हणून विंडोजसाठीचं तिचं कोडेक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं.

तुम्हाला त्याची गरज नाही. व्हीएलसी नावाचा प्लेअर घ्या, तोही व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हाती घेतलेल्या कामातून तो उभा राहिला आणि आजही फुकट आहे, जाहिरातींशिवाय. तो विंडोजच्या कोडेकवर विसंबत नाही, वाचणारे स्वतःबरोबरच घेऊन येतो. फाइलवर उजवी क्लिक करा, 'ओपन विथ'मधून व्हीएलसी निवडा. आई दिसायला हव्यात. लिपी कोणती होती ते बघायचं असेल तर व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे एकत्र दाबा.

चित्र दिसलं पण अडखळत चाललं, तर तो लॅपटॉपच्या वयाचा प्रश्न. २०१५ च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांत एचईव्हीसी उलगडण्याची खास सोय नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. अशा वेळी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरनं एच.२६४ मध्ये दुसरी प्रत करा. मोडीचं बाळबोधीत लिप्यंतर करावं तसंच हे. त्यातलं 'फास्ट १०८०पी३०' निवडलं की पुरे. एक तासाच्या व्हिडिओला जुन्या लॅपटॉपवर काही तास लागतील, रात्री लावून झोपा. मूळ फाइल मात्र जपायचीच, कारण प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा कस जातो.

आणि बाई, हात जोडून सांगते, इंटरनेटवर शोधताना 'सगळे कोडेक एका क्लिकवर' असं म्हणणारं काही दिसलं तर उतरवून घेऊ नका. लग्नाच्या कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायचं काम मी नव्यानं सुरू केलं तेव्हा, २००९ मध्ये, असाच एक पॅक घेतला होता. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, जाहिराती उसळायला लागल्या आणि आधी नीट चालणारे व्हिडिओही बंद पडले. एका मुलीच्या हळदीचं काम हातात होतं, तिच्या आईला 'उद्या देते' असं तीन दिवस सांगावं लागलं. शेवटी विंडोज पुसून नव्यानं घातलं.

नातवाला फोनवर सांगा : सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कंपॅटिबल'. यापुढचं चित्रण नेहमीच्या एच.२६४ मध्ये होईल, फक्त जागा जास्त लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवू दे. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून लहान केलं जातं आणि चेहरे पुसट होतात.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या, २००१ च्या, दोन व्हीसीडी आहेत. संगणकात घातल्या की 'डॅट' नावाची फाइल दिसते, पण उघडत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : इथे कोडेकची अडचण नाही. आत एमपीईजी-१ आहे, ते विंडोजला येतं. फक्त 'डॅट' या नावामुळे हा व्हिडिओ आहे हे त्याला समजत नाही. डिस्कवरच्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली मोठी फाइल संगणकावर घ्या आणि व्हीएलसीत उघडा. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, मोठ्या टीव्हीवर फुटलेलं दिसणारच. प्रत मध्येच अडकली तर मऊ सुती कापडानं डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. तरीही अडली तर दुसऱ्याच्या संगणकात घालून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली डिस्क दुसऱ्यात चालल्याचं मी कितीदा तरी पाहिलंय.